लष्करी विमानांच्या टेक्निशियनचं प्रशिक्षण: अनुभवी लोकांनी सांगावं

कोरी_डांगरी
नमस्कार मंडळी. हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत माझी निवड झाली आहे आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. ट्रेड अजून ठरलेला नाही. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), शस्त्र, यांपैकी काहीही मिळू शकतं. विमानांचं वेड लहानपणापासून आहे, पण आजवर हातात पाना धरलाय तो सायकलची उतरलेली चेन बसवण्यापुरता.

तिथे नेमकं शिकवतात काय? पुस्तकं सगळी इंग्रजीत असतात, ते झेपतं का? गणित किती लागतं? आणि रात्री झोप येत नाही तो प्रश्न: माझ्या हातून चूक झाली आणि विमान वर गेलं तर? घरात एकानं "मेकॅनिकच ना शेवटी" असं म्हटलं, तेही मनातून जात नाहीये. मोकळेपणानं लिहा, मी सगळं वाचणार आहे.

जुना_फिटर
मनापासून अभिनंदन. मी २२ वर्षं हे काम केलं, आधी इंजिनवर, नंतर एअरफ्रेमवर. आता निवृत्त आहे. लिहिताना लांबण लागेल, चालवून घे.

पहिला टप्पा टेक्निशियनचा नसतोच, सैनिकाचा असतो. कवायत, धावणं, पहाटेची हजेरी. अंग दुखतं, झोप अपुरी पडते, आणि ते सगळ्यांचंच निभतं. त्याची काळजी नको.

मग ट्रेड स्कूल. आम्हाला वाटलं होतं पहिल्याच दिवशी विमान दाखवतील. दिला तो लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींना काटकोनात आणायच्या. थोडं घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. तिसऱ्या दिवशी तळव्याला फोड आले. दुसऱ्या आठवड्यात मात्र कानस कुठल्या बाजूला झुकतेय ते डोळ्याआधी हाताला कळायला लागलं. तुझ्या हातात आजवर पाना आला नाही याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. हात तिथेच बसतो. उलट गॅरेजमध्ये शिकून आलेल्या आमच्यातल्या दोघांना जुन्या सवयी सोडायला जास्त वेळ लागला.

त्यानंतर लॉकवायर. थरथरीनं बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवतात आणि पीळ देत देत शेजारच्या बोल्टाला बांधतात. तार अशा बाजूनं न्यायची की एक बोल्ट सुटायला लागला तर त्याच्या ओढीनं दुसरा आवळला जाईल. उलट बाजूनं नेली तर तार दिसायला सुंदर आणि कामाला शून्य. ०.८ मिलिमीटरची तार असेल तर इंचाला ६ ते ८ पीळ. कमी पडले तर तार लोंबते, जास्त झाले तर कडक होऊन तुटते. शेवटचं टोक कापून आत वळवायचं, नाहीतर पुढे तिथे हात घालणाऱ्याचं बोट फाटतं. एकदा काढलेली तार परत वापरायची नाही. आणि भोकं जुळत नाहीत म्हणून टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) दिलेला बोल्ट जरासा सैल करायचा नाही, जरासा जास्त आवळायचाही नाही. बोल्ट किंवा वॉशर बदलायचा.

आमचे इन्स्ट्रक्टर डोळे मिटून तारेवरून बोट फिरवायचे. पटलं नाही की एक शब्द न बोलता कापून टाकायचे. माझ्या पहिल्या अकरा तारा कापल्या होत्या.

शाळा संपली म्हणजे टेक्निशियन झालीस असं नाही. स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर आधी नुसतं बघायचं, मग हाताखाली करायचं, मग कुणीतरी पाठीशी उभं असताना स्वतः करायचं. त्यानंतर त्या एका कामापुरती सही मिळते. पुढच्या कामाला पुन्हा पहिल्यापासून. ही सही मिळेपर्यंत जीव कासावीस होतो. मिळाल्यावर तिचं ओझं कळतं.

सांजवारा
वाचतेय. माझा भाचा याच वाटेवर आहे, त्याला धाग्याचा दुवा पाठवला.

ओहम
मी एव्हिऑनिक्सची. रेडिओ, नेव्हिगेशन, फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटर आणि त्यांना जोडणारी मैलोन् मैल वायर.

इंग्रजीची भीती काढून टाक. विमानांच्या मॅन्युअलमधलं इंग्रजी कादंबरीचं नसतं. 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं एक प्रमाण आहे, १९८० च्या दशकात तयार झालेलं, आणि ते इंग्रजी मातृभाषा नसलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलंय. ठरवून दिलेले साधारण ९०० शब्द, त्यात कामापुरते तांत्रिक शब्द. एका शब्दाचा एकच अर्थ. 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागून येणे'. 'सूचना पाळणे' असं म्हणायचं असेल तर 'ओबे' वापरायचं. वाक्यं लहान, एका वाक्यात एकच कृती. सगळीच मॅन्युअल या नियमांनी लिहिलेली नसतात, जुन्या विमानांची तर नाहीतच, पण वळण तेच असतं. दोन महिन्यांत सवय होते.

खरी अडचण वेगळीच आहे. सवय झाली की माणूस वाचणं सोडतो. "हे काम शंभर वेळा केलंय" असं म्हणून पान न उघडता हात घालतो. आमच्याकडे शंभराव्यांदाही पान समोर उघडं ठेवूनच काम व्हायचं, आणि आज मी शिकवते तेव्हा तेच करायला लावते.

उलट बाजूही सांगते. जे आपल्याला ठाऊक आहे पण पुस्तकात नाही, ते लिहून वर कळवायचं. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वामच्या तळावर बी-२ बॉम्बर उड्डाण करतानाच कोसळलं. दोघेही वैमानिक बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरांपैकी तिघांत ओल शिरली होती, ओल असतानाच त्यांचं कॅलिब्रेशन (आकडे जुळवून घेणं) झालं, आणि उड्डाणाच्या क्षणी कॉम्प्युटरला वेग आणि हवेचे चुकीचे आकडे मिळाले. कॅलिब्रेशनच्या आधी हीटर चालू करून ओल उडवायची ही युक्ती काही टेक्निशियनांना आधीपासून माहीत होती. ती तोंडी फिरत राहिली, सगळ्यांच्या पुस्तकात कधी आलीच नाही. हा प्रसंग मी प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगते, आणि सांगताना अजूनही घसा दाटतो. कुणालातरी माहीत होतं हो!

डोळ्यांचं: वायरींचे रंग ओळखणं आमच्या ट्रेडला लागतं. रंग ओळखण्यात अडचण असेल तर वैद्यकीय तपासणीत सरळ सांग. नियम देशादेशात आणि ट्रेडप्रमाणे वेगळे असतात. लपवून काही साधत नाही.

शंकेखोर
एक बाळबोध प्रश्न. विमानतळावर काम करणाऱ्या एकाकडून ऐकलं की एखादा पाना सापडेना झाला तर सगळं काम थांबवतात. एका पान्यासाठी? नवा घेतला की झालं ना?

जुना_फिटर
@शंकेखोर, प्रश्न बाळबोध नाही, आमच्या कामाचा गाभाच तो आहे. प्रश्न पान्याच्या किमतीचा नसतो, तो कुठे आहे याचा असतो. कंट्रोलच्या दांड्यामागे अडकला तर वैमानिकाची काठी अर्ध्यावर थांबते. इंजिनच्या तोंडाशी राहिला तर सुरू होताना आत ओढला जातो आणि पात्यांचा चुरा होतो. पॅरिसजवळ २५ जुलै २००० ला कॉन्कॉर्ड पडलं, ११३ माणसं गेली. त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीपासून झाली, आधी उडालेल्या विमानाच्या इंजिनावरून गळलेल्या. पट्टी जेमतेम हातभर लांब.

म्हणून टूलबॉक्समध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचा फोमचा साचा कापलेला असतो. त्याला शॅडो बोर्ड म्हणतात. हत्यार जागेवर नसेल तर मोकळा खळगा लांबूनही दिसतो. कामाआधी मोजायचं, नंतर मोजायचं, पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजायचं. फडकीसुद्धा मोजायची.

माझं स्वतःचं सांगतो. नोकरीचं तिसरं वर्ष, रात्रपाळी. पंखाखालची पॅनेलं बसवून झाली होती, सकाळी सहाला ते विमान जायचं होतं. बॉक्स बंद करताना स्क्रू ड्रायव्हरचं एक बिट कमी. करंगळीच्या पेराएवढं. त्या क्षणी मनात काय आलं तेही लपवत नाही. बिट दुपारच्या पाळीतच हरवलं असेल, असं मन म्हणत होतं. बाहेर काँक्रीटवर पडलं असेल. कुणाला कळणार आहे? मिनिटभर मी तसाच उभा होतो.

मग जाऊन सांगितलं. विमान लाल शेऱ्यावर गेलं, म्हणजे उड्डाणाला बंद झालं, बसवलेली सगळी पॅनेलं पुन्हा उघडली. साडेतीनला एका पाइपच्या क्लॅम्पमागे आरशात बिट चमकलं. सकाळचं उड्डाण रद्द झालं. आमचे वॉरंट ऑफिसर आले, मला वाटलं आता कातडी सोलणार. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "लक्षात केव्हा आलं?" मी म्हणालो, एक वाजून दहा मिनिटांनी. "सांगितलंस केव्हा?" एक वाजून अकरा. ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्या एका मिनिटाबद्दल मी आजही स्वतःला विचारतो.

कोरी_डांगरी, "चूक झाली तर" याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. चूक होणार. तू ती किती मिनिटांत सांगतेस, हे तिथे शिकायचं असतं.

सेफ्टी_पिन
शस्त्र आणि इजेक्शन सीट हा माझा ट्रेड. जुना_फिटर यांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे.

सीटबद्दल थोडं. खुर्चीखाली स्फोटकं आणि रॉकेट असतं. वैमानिकानं हँडल ओढलं की दोन-तीन सेकंदांत कॉकपिटचं छत उडणं, खुर्ची बाहेर जाणं, पॅराशूटची छत्री उघडणं हे सगळं ठरलेल्या क्रमानं व्हायला लागतं. नव्या सीट जमिनीवर उभ्या विमानातूनही वाचवतात. म्हणूनच जमिनीवर त्या इतक्या धोकादायक. कॉकपिटमध्ये शिरण्याआधी सीट चुकून सुटू नये म्हणून लावलेल्या पिना बघायच्या. सगळ्या जागेवर आहेत का ते मोजायचं, बोटानं चाचपायचं. माझ्या आधी कुणी मोजल्या असल्या तरी मी मोजणार. यात कुणाचा अपमान होत नाही.

८ नोव्हेंबर २०११ ला ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकातल्या एका हॉक विमानाची सीट जमिनीवरच सुटली. अशा वेळीही छत्री उघडून माणूस वाचायला हवा होता. छत्री उघडली नाही, कारण एका शॅकलचा (जोडकडीचा) बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला गेला होता आणि शॅकल सुटायच्या जागी चिमटून बसलं. वैमानिक गेला. "जरा आणखी घट्ट असलेलं बरं" हे वाक्य आपण घरात नळ दुरुस्त करताना सहज म्हणतो. विमानापाशी म्हणायचं नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच.

आणखी एक, कुणी मुद्दाम सांगत नाही म्हणून. हायड्रॉलिक तेलाची गळती हातानं शोधू नकोस. बऱ्याच लढाऊ विमानांत ते तेल ३००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाखाली असतं, काही नव्या विमानांत ५००० पर्यंत. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार दिसत नाही आणि कातडी भेदून आत जाते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधायचं. तरीही लागलंच तर "बघू उद्या" न म्हणता त्याच मिनिटाला दवाखाना. द्रव ऑक्सिजनपाशी तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब असलेले हातमोजे, डांगरी काही चालत नाही. पेट घेतं.

अर्ध्यावर
बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. मी हे प्रशिक्षण एकदा अर्ध्यावर गमावलं आहे.

प्रॅक्टिकलची परीक्षा होती. चाकाच्या जोडणीचे आठ बोल्ट, प्रत्येकाला टॉर्क द्यायचा आणि कार्डावर प्रत्येकापुढे सही करायची. सहा झाले, वेळ संपत आली. उरलेल्या दोघांना हातानं चांगलं आवळलं आणि आठही ओळींवर सही केली. इन्स्ट्रक्टरनी रेंच लावला, सातवा बोल्ट फिरला. त्यांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "हे सहा बोल्ट तरी मी कशावरून खरे मानू?" मला उत्तर देता आलं नाही.

मला पुढच्या बॅचमध्ये रेलिगेट केलं. सहा महिने मागे. घरी सांगताना फार रडलो. पण त्यांनी काढून टाकलं नाही, पुन्हा बसू दिलं. दुसऱ्या खेपेला वेळ संपली तेव्हा माझे पाचच बोल्ट झाले होते. पाचांपुढेच सही केली, तीन ओळी मोकळ्या सोडल्या. गुण कमी पडले, पण पास झालो. आज चौदा वर्षं नोकरी झाली. ताई, हळू असलीस तर हळूच राहा. मोकळी ओळ चालते.

ओहम
@अर्ध्यावर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमची परवानगी असेल तर माझ्या बॅचला वाचून दाखवेन.

अर्ध्यावर
जरूर.

हिरवा_दिवा
मी नागरी विमानांचा परवानाधारक इंजिनिअर. एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नये. लष्करातून आमच्याकडे येणारी मुलं शिस्तीची आणि हाताची उत्तम असतात, पण बरीच जणं दहा-दहा वर्षं एकाच विमानावर, तेही एकाच सिस्टिमवर काम केलेली असतात. बाहेर पडल्यावर परवान्यासाठी लागणारा अनुभव कागदावर दाखवता येत नाही. कुठल्या देशात लष्करी अनुभव किती धरतात याचे नियम वेगळे आहेत, म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतःची कामाची वही ठेव. तारीख, विमानाचा प्रकार, काम, सही. गोपनीय काही लिहायचं नाही, एवढं पाळून.

जुना_फिटर
एकाच सिस्टिमवर दहा वर्षं काढल्यानं जी नजर येते ती चार विमानांवर फिरून येत नाही, असं माझं ठाम मत आहे. लँडिंग गिअरचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह अडकतोय हे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. वहीचं म्हणाल तर शंभर टक्के बरोबर. मी ठेवली नाही आणि निवृत्तीनंतर पस्तावलो.

हिरवा_दिवा
नजरेबद्दल वाद नाही. पण नुसत्या नजरेवर विसंबलं की काय होतं तेही सांगायला हवं. १९९० च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये एका प्रवासी जेटची पुढची काच बसवली. जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी नजरेनं जुळवून नवे काढले. ९० पैकी ८४ बोल्ट इंचाच्या २६ हजारांशानं बारीक निघाले. दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काच बसवणारा माणूस अनुभवी होता, मेहनती होता. त्यानं पार्ट नंबर पुस्तकातून घेतला नाही, एवढंच.

जुना_फिटर
मान्य. एवढा फरक माझ्याही डोळ्याला दिसला नसता.

पुष्पक_०३
"मेकॅनिकच ना" यावर लिहायचं होतं. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत बनवलं, लेथ, ड्रिल प्रेस आणि साध्या हातहत्यारांवर. त्याचा जन्मदिवस २४ मे, तो विमान टेक्निशियनांचा दिवस म्हणून पाळतात. आणि जेट इंजिनचा फ्रँक व्हिटल १९२३ साली ब्रिटिश हवाई दलात शिकाऊ मेकॅनिक म्हणूनच दाखल झाला. त्याआधी उंची कमी म्हणून त्याला परत पाठवलं होतं. १९३० मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा तो तेवीस वर्षांचाही नव्हता. तुमच्या घरच्यांना हे सांगा.

ओहम
गणिताचं राहिलंच. रोज लागतं ते त्रैराशिक, एककं बदलणं आणि ओहमचा नियम. एक उदाहरण देते, याच्यावर सगळे अडकतात. बोल्टाला ३६ न्यूटन मीटर टॉर्क हवाय, पण जागा अडचणीची म्हणून रेंचच्या पुढे, त्याच रेषेत, ६० मिलिमीटरची जोडणी लावली. रेंचची लांबी ३०० मिलिमीटर. आता रेंचवर ३६ लावलेस तर बोल्टाला जास्त बसेल, कारण दांडा लांब झाला. ३६ गुणिले ३००, भागिले ३६०. म्हणजे रेंच ३० वर ठेवायचा. हीच जोडणी काटकोनात लावली तर काही बदलायचं नाही. हे कागदावर स्वतः करून बघ.

कोरी_डांगरी
सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. अर्ध्यावर दादा, तुमचं लिहिणं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मोकळी ओळ सोडून ये, पण खोटी सही करून येऊ नकोस. परवा निघतेय.

कोरी_डांगरी
बऱ्याच आठवड्यांनी फोन हातात आलाय. एअरफ्रेम मिळालं. ठोकळा पूर्ण झाला, उजेडाची रेघ एका कोपऱ्यात अजून दिसते. लॉकवायर पाच वेळा कापली गेली, सहावी राहिली.

एक सांगायचं होतं. परवा संध्याकाळी तारेचं टोक कापताना उडालं. जेमतेम तीळभर. जेवणाची वेळ झालेली, सगळे रांगेत उभे. मी हात वर केला. अख्खी बॅच गुडघ्यांवर बसून फरशी शोधत होती, पंचवीस मिनिटं. सापडलं माझ्याच बुटाच्या तळव्यात रुतलेलं. इन्स्ट्रक्टर जवळ आले आणि फिटर काका, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "लक्षात केव्हा आलं?"

सोमवारपासून हायड्रॉलिक्स सुरू होतंय. ॲक्युम्युलेटरमधल्या (तेलाचा दाब साठवणाऱ्या टाकीतल्या) नायट्रोजनचा दाब कसा तपासायचा ते पुस्तकात वाचलं, पण क्रम डोक्यात बसत नाहीये. आधी काय करायचं?

जुना_फिटर
आधी सिस्टिमचा हायड्रॉलिक दाब पूर्ण शून्यावर उतरव. मग नायट्रोजनचं गेज वाच. तेलाचा दाब असताना वाचलंस तर गेज तेलाचाच आकडा दाखवतं, आणि नायट्रोजन गळून गेला असला तरी सगळं ठीक दिसतं. मग त्या दिवसाचं तापमान बघून तक्त्यातला आकडा घे, कारण थंडीत आणि उन्हात तो वेगळा येतो. तुमच्या विमानाचा तक्ता मॅन्युअलमध्येच असेल. पान उघडं ठेव.